अस्, भू आणि वस् : इंग्रजीतल्या ‘असण्या’चा आढावा

इंग्रजीत सर्वांत जास्त वापरले जाणारे क्रियापद म्हणजे ‘बी’. ऑक्सफर्डने कोट्यवधी शब्दांच्या मजकुरावरून काढलेल्या क्रमवारीत ‘द’ या उपपदाच्या खालोखाल त्याचाच नंबर लागतो. साध्या इंग्रजी क्रियापदाला चार-पाच रूपे असतात, याला आठ आहेत: बी, अ‍ॅम, इज, आर, वॉज, वेअर, बीन, बीइंग. त्यातही गंमत अशी, की ‘वॉक’पासून ‘वॉक्ड’ किंवा ‘सिंग’पासून ‘सँग’ झाले हे नवख्यालाही कळते, पण ‘बी’, ‘इज’ आणि ‘वॉज’ ही एकाच क्रियापदाची रूपे आहेत हे कुणीतरी सांगावेच लागते. तिन्हींत मिळून एकही अक्षर सामाईक नाही.

अर्थांचेही तसेच. अस्तित्व, ओळख, गुण, ठिकाण, चालू क्रिया, कर्मणी प्रयोग, इतकेच काय कर्तव्य आणि ठरलेला बेत, हे सगळे इंग्रजी माणूस या एका क्रियापदाने सांगतो. तेव्हा दोन प्रश्न पडतात. हे क्रियापद मुळात एक आहे का? आणि इतकी कामे त्याच्याकडे आली कुठून? गेल्या दोनशे वर्षांत भाषाशास्त्रज्ञांनी, तर्कशास्त्रज्ञांनी आणि समाजभाषेच्या अभ्यासकांनी या प्रश्नांवर भरपूर काम केले आहे. त्याचा आढावा मराठीत घेण्याला खास कारण आहे. या क्रियापदाचे धागेदोरे आपल्या रोजच्या बोलण्यात आहेत आणि इंग्रजीने गमावलेले काही भेद मराठीत अजून जिवंत आहेत.

तीन धातूंचा मेळ

‘बी’ हे एक क्रियापद नाही. निदान तीन वेगवेगळ्या क्रियापदांचे उरलेले भाग एकत्र येऊन ते बनले आहे आणि त्या तिन्हींचे सख्खे भाऊबंद संस्कृतात आहेत.

पहिला धातू अस्. संस्कृत अस्मि म्हणजे इंग्रजी अ‍ॅम, अस्ति म्हणजे इज. लॅटिनचे ‘एस्त’, ग्रीकचे ‘एस्ति’ आणि जर्मनचे ‘इस्ट’ याच घरातले. इंग्रजीने अस्तिमधला ‘त’ टाकून दिला, पण अस्मिमधला ‘म’ राखला. प्रथमपुरुषाचा तो प्राचीन ‘मि’ प्रत्यय आज इंग्रजीत फक्त अ‍ॅममध्ये ऐकू येतो, दुसऱ्या एकाही क्रियापदात तो उरलेला नाही. याच धातूपासून सत् आणि सत्य हे शब्द आले. जे आहे ते सत्य. इंग्रजीतही सत्याला ‘सूथ’ असा जुना शब्द होता आणि तोही याच धातूचा. भविष्यवेत्त्याला इंग्रजीत ‘सूथसेअर’ म्हणतात, त्यातला हा सूथ.

दुसरा धातू भू. बी, बीन आणि बीइंग ही रूपे त्याची. वाढणे, उगवणे, होणे असा त्याचा मूळ अर्थ. भू धातूच्या लॅटिन भावंडापासून ‘फ्युचर’ आले आणि संस्कृतात त्याच भूपासून भविष्य. ग्रीक भावंडापासून निसर्गवाचक ‘फ्युसिस’ व त्यातून फिजिक्स, तर संस्कृतात भूत व त्यातून भौतिक. फिजिक्सला भौतिकशास्त्र हे नाव देताना कुणी ही व्युत्पत्ती जुळवली असेल असे नाही. तरी दोन्ही नावे अखेर एकाच मुळाशी जाऊन पोचतात.

तिसरा धातू वस्, म्हणजे राहणे. वॉज आणि वेअर ही रूपे त्याची. मराठीतले वसणे, वस्ती, निवास, वसतिगृह हा त्याचाच गोतावळा. (वस्त्राचा वस् वेगळा, त्याचा याच्याशी संबंध नाही.) जुन्या इंग्रजीत ‘वेसान’ या क्रियापदाची इतरही काही रूपे होती. आज त्याचा फक्त भूतकाळ शिल्लक आहे.

वॉजमध्ये ‘स’ आणि वेअरमध्ये ‘र’ का, याचे उत्तर डॅनिश भाषाशास्त्रज्ञ कार्ल व्हेर्नर याने 1877 साली प्रसिद्ध झालेल्या लेखात दिले, आणि ते त्याला वैदिक स्वरांमुळे सापडले. वेदकालीन संस्कृतात भूतकाळी एकवचनाचा आघात धातूवर असतो आणि अनेकवचनाचा प्रत्ययावर. जर्मेनिक भाषांच्या पूर्वजांतही एकेकाळी असाच आघात होता. धातूवर आघात असेल तिथे ‘स’ टिकला. आघात पुढे सरकला तिथे ‘स’ मऊ पडत पडत ‘र’ झाला. तो आघात जाऊन दोन हजार वर्षे झाली, पण त्याची खूण वॉज आणि वेअर यांच्या जोडीत राहिली. आजच्या इंग्रजी क्रियापदांत ही अदलाबदल इथेच ऐकू येते.

‘आर’बद्दल मात्र एकमत नाही. काही अभ्यासक त्याला अस् धातूचेच बदललेले रूप मानतात, काही जण ‘हलणे, उठणे’ अशा अर्थाच्या चौथ्याच धातूकडे बोट दाखवतात. त्याचा पुढचा प्रवास मात्र स्पष्ट आहे. दक्षिण इंग्लंडमध्ये अनेकवचनी रूप ‘सिंदोन’ होते, म्हणजे संस्कृत सन्ति आणि जर्मन ‘झिंट’ यांचे भावंड. ‘आर’ उत्तरेकडचे. उत्तरेत वायकिंग वसाहती होत्या आणि त्यांच्या नॉर्स भाषेतही जवळचेच रूप होते. या शेजाराचे बळ मिळून ‘आर’ हळूहळू दक्षिणेत उतरले आणि सोळाव्या शतकापर्यंत प्रमाण इंग्रजीत पक्के झाले. सिंदोन त्याच्या कितीतरी आधीच लोपले होते.

असा मेळ फक्त इंग्रजीत झाला असेही नाही. लॅटिनमध्ये वर्तमानकाळ अस्चा आणि भूतकाळ भूचा. फारसीतही तेच: ‘अस्त’ म्हणजे आहे, ‘बूद’ म्हणजे होते. मराठीने फारसीतून घेतलेला नेस्तनाबूद हा शब्द उलगडून पाहावा. ‘नीस्त’ म्हणजे नाही, ‘नाबूद’ म्हणजे नव्हते, दोन्ही जोडून ‘नाही आणि नव्हते’. शत्रूला नेस्तनाबूद केले असे आपण म्हणतो, तेव्हा इंग्रजीच्या इज आणि बी यांचे दोन सख्खे नातलग एका शब्दात उच्चारतो.

पाणिनीपासून बॉपपर्यंत

दोन धातूंनी मिळून एका क्रियापदाचा संसार चालवणे ही गोष्ट भारतीय वैयाकरणांनी फार पूर्वी टिपली होती. संस्कृतात अस् धातूला स्वतःचा भविष्यकाळ नाही, तिथे भविष्यति चालते. पाणिनीने अष्टाध्यायीच्या दुसऱ्या अध्यायात यासाठी स्वतंत्र सूत्रच दिले आहे: विशिष्ट प्रत्ययांपूर्वी अस्च्या जागी भू येतो. धातुपाठाचा आरंभही भू धातूनेच होतो आणि त्याचा अर्थ दिला आहे ‘सत्ता’, म्हणजे असणे. पुढे कात्यायनाने वार्तिकात आणखी एक बारकावा नोंदवला. वाक्यात क्रियापद दिसत नसेल तर तिथे अस्ति अध्याहृत मानावे. ‘हे माझे वडील’, ‘माझे नाव सुनीता’ अशी क्रियापदाविना वाक्ये मराठी माणूस दिवसभर बोलतो, त्यांना हाच विचार लागू पडतो.

युरोपला हे नाते कळायला अठरावे शतक उजाडावे लागले. 1786 साली कोलकात्यात एशियाटिक सोसायटीपुढे बोलताना विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्या क्रियापदांचे धातू व व्याकरणाची रूपे निव्वळ योगायोग म्हणता येणार नाही इतकी सारखी आहेत, त्यांचा उगम एकच असला पाहिजे, असे मांडले. 1816 साली जर्मन अभ्यासक फ्रान्झ बॉप याने संस्कृत क्रियापदे ग्रीक, लॅटिन, फारसी आणि जर्मेनिक भाषांशेजारी ठेवून तुलनात्मक भाषाशास्त्राचा पाया घातला. बॉपला मात्र असण्याच्या क्रियापदाने थोडी भुरळही घातली. प्रत्येक क्रियापदात ‘असणे’ लपलेलेच असते, ‘तो जगतो’ म्हणजे ‘तो जगणारा आहे’, हा सतराव्या शतकातल्या फ्रान्समधल्या पोर्ट-रॉयल पंथाचा विचार त्याच्या मनात होता. म्हणून अनेक प्रत्ययांत त्याला अस् आणि भू दिसू लागले. त्यातले बरेचसे पुढे टिकले नाही, पण अ‍ॅम, इज, बी, वॉज यांची संस्कृतशी जुळवणी आजही अबाधित आहे.

जुन्या इंग्रजीचे दोन वर्तमानकाळ

आता अर्थांकडे. जुन्या इंग्रजीत, म्हणजे साधारण अकराव्या शतकापर्यंत, अस् आणि भू यांचे वर्तमानकाळ शेजारी शेजारी नांदत होते. ‘इस’ म्हणजे आत्ता आहे. ‘बिथ’ म्हणजे नेहमी असतो किंवा पुढे असेल. ऋतूंचे स्वभाव सांगणारी सुभाषिते, कायमची सत्ये, पुढे घडणाऱ्या गोष्टी यांसाठी लेखक बिथ वापरत. नियम सगळीकडे काटेकोर पाळला जाई असे नाही, पण कल स्पष्ट होता. जे. आर. आर. टोल्किन यांनी 1955 साली ऑक्सफर्डमध्ये दिलेल्या एका व्याख्यानात या जोडीकडे लक्ष वेधले. वेल्श भाषेतही अशीच जोडी आहे, तेव्हा ब्रिटनमधल्या मूळ रहिवाशांच्या भाषेचा हा परिणाम असावा, असा त्यांचा तर्क होता. त्यावर अजून वाद चालू आहे.

मराठी वाचकाला हा भेद समजावून सांगावा लागत नाही. ‘डॉक्टर दवाखान्यात आहेत’ आणि ‘डॉक्टर संध्याकाळी दवाखान्यात असतात’ ही दोन वाक्ये पाहा. पहिले ऐकून रुग्ण लगेच आत जातो, दुसरे ऐकून संध्याकाळी परत येतो. आजच्या इंग्रजीत दोन्ही ठिकाणी इजच येतो आणि फरक वेळदर्शक शब्दांवर सोपवावा लागतो. मधल्या काळात इस आणि बिथ यांची सरमिसळ झाली आणि हा भेद रूपांतून पुसला गेला. बीचे जुने अनेकवचन ‘द पॉवर्स दॅट बी’ या वाक्प्रचारात मात्र अडकून राहिले आहे. सत्तेवर असलेल्यांविषयी बोलताना इंग्रज आजही नकळत ते वापरतो.

कामांचा भार कसा वाढला

इतकी कामे या क्रियापदाकडे येण्यामागे एक मोठे कारण म्हणजे त्याचे सोबती गेले. मोठ्या वाड्यातली माणसे एकेक करून कमी व्हावीत आणि मागे राहिलेल्या एकावर सगळ्यांची कामे पडावीत, तसे झाले. जुन्या इंग्रजीत ‘वेओर्थान’ हे क्रियापद होते, होणे किंवा बनणे अशा अर्थाचे. जर्मनचे ‘वेर्डन’ आणि संस्कृतचा वृत् धातू, म्हणजे वर्तते, त्याचेच भाऊबंद. जर्मन भाषा आजही कर्मणी प्रयोग वेर्डनने करते. इंग्रजीतून मात्र वेओर्थान मध्ययुगात नाहीसे झाले आणि कर्मणी प्रयोगाचा सारा भार बीवर आला. मराठीने हे काम जाणे या क्रियापदाकडे दिले आहे: पत्र लिहिले जाते, नियम पाळले जातात.

चालू क्रियेचेही काम असेच वाढत गेले. अमुक करत आहे, हे सांगण्यासाठी बीला ‘इंग’ जोडण्याची रीत सोळाव्या शतकानंतर जोमाने पसरली. ‘घर बांधले जात आहे’ हे त्या रीतीने सांगायला मात्र बराच काळ अडचण होती. सतराव्या-अठराव्या शतकातला इंग्रज ‘द हाउस इज बिल्डिंग’ म्हणे, अक्षरशः घर बांधते आहे. ‘इज बीइंग बिल्ट’ हे रूप अठराव्या शतकाच्या अखेरीस दिसू लागले आणि एकोणिसाव्या शतकात त्यावर जोरदार टीका झाली. एकाच वाक्यात बीची दोन रूपे पाठोपाठ येणे अनेकांना असह्य वाटले. अमेरिकेत जॉर्ज पर्किन्स मार्श आणि रिचर्ड ग्रँट व्हाइट यांनी त्याची कडक निर्भर्त्सना केली. आज तेच रूप प्रत्येक वर्तमानपत्रात छापून येते आणि कुणाच्या कपाळावर आठी पडत नाही.

तर्कशास्त्रज्ञांची तक्रार

या क्रियापदावर सर्वांत कठोर आरोप तर्कशास्त्रातून आला. बर्ट्रांड रसेल यांनी 1919 सालच्या गणितीय तत्त्वज्ञानावरील पुस्तकात एकाच शब्दावर दोन अगदी वेगळ्या कल्पनांचे ओझे टाकणे ही मानवजातीला लाज आणणारी गोष्ट आहे, अशा आशयाचे विधान केले. एक कल्पना गुण सांगण्याची: शुक्र तेजस्वी आहे. दुसरी तादात्म्याची: शुक्र हाच पहाटेचा तारा आहे. पहिल्यात शुक्राचा एक विशेष सांगितला, दुसऱ्यात दोन नावे एकाच वस्तूची आहेत हे सांगितले. त्याआधी गॉटलोब फ्रेगे यांनी आपल्या तर्कलिपीत अस्तित्व, तादात्म्य आणि गुणकथन यांना वेगवेगळी रूपे दिली होती. गणित आणि संगणकाच्या भाषांनी हेच भेद पुढे स्वीकारले. बरोबरीची तपासणी वेगळ्या चिन्हाने आणि वर्गात समावेश वेगळ्या चिन्हाने, हे आजच्या प्रोग्रॅमरला सवयीचे आहे.

अमेरिकेत आल्फ्रेड कॉर्झिब्स्की यांच्या विचारांतून प्रेरणा घेऊन डेव्हिड बोर्लंड यांनी 1965 साली याहून पुढचे पाऊल टाकले. बीचे एकही रूप न वापरता इंग्रजी लिहावी, असा प्रस्ताव त्यांनी मांडला आणि तिला ‘ई-प्राइम’ असे नाव दिले. ‘तो आळशी आहे’ असा शिक्का मारण्याऐवजी ‘त्याने आज काम केले नाही’ असे लिहावे लागले, तर विचारही नेमका होईल, ही त्यामागची भूमिका. ती सर्वांना पटली नाही, पण लेखनाचा सराव म्हणून तिचा उपयोग होतो.

दुसरी बाजूही वजनदार आहे. फिनिश तत्त्वज्ञ याक्को हिंतिक्का यांनी रसेल-फ्रेगे यांच्या विभागणीलाच आव्हान दिले. शब्दाचे अर्थ अनेक नसून संदर्भ अनेक आहेत, असे त्यांचे म्हणणे. चार्ल्स काह्न यांनी 1973 साली प्राचीन ग्रीकमधल्या असण्याच्या क्रियापदाचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला आणि त्यात ‘तसे आहे, खरे आहे’ या अर्थाचे महत्त्व दाखवले. सत् आणि सत्य यांचे नाते ठाऊक असलेल्या आपल्याला ते चटकन पटते. भाषांची तुलना केली तर हा प्रश्न जगभर वेगवेगळ्या रीतीने सुटलेला दिसतो. रशियन भाषा वर्तमानकाळात हे क्रियापद बहुधा वगळतेच. चिनी भाषेत ओळख सांगायला एक शब्द आणि अस्तित्व सांगायला दुसरा. पोर्तुगीजमध्ये ‘सेर’ आणि ‘इश्तार’ अशी जोडी आहे, स्थायी ओळखीसाठी एक, तात्पुरत्या स्थितीसाठी दुसरे. त्यातले इश्तार आपल्या स्था धातूचे नातलग.

वगळलेले आणि राखलेले ‘बी’

विसाव्या शतकात या क्रियापदावरचे सर्वांत मोलाचे काम अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या इंग्रजीवर झाले. ‘ही इज टॉल’ऐवजी ‘ही टॉल’ म्हणणाऱ्या मुलांना शाळेत अशुद्ध, अर्धवट भाषेची मुले समजले जाई. विल्यम लबॉव यांनी 1969 साली दाखवून दिले, की या वगळण्याला काटेकोर नियम आहे. प्रमाण इंग्रजीत जिथे इजचा संक्षेप होऊन ‘ही’ज’ म्हणता येते, तिथेच ही बोली त्याला वगळते. जिथे संक्षेप चालत नाही, उदाहरणार्थ ‘हाउ टॉल ही इज’ अशा वाक्याच्या शेवटी, तिथे ती वगळतही नाही. म्हणजे ही मुले चुकत नव्हती, नियम पाळत होती.

याच बोलीत सवयीचा ‘बी’ आहे. ‘ही बी वर्किंग’ म्हणजे आत्ता काम करतोय असे नव्हे, तो काम करत असतो. जॅनिस जॅक्सन यांनी लहान मुलांना एक चित्र दाखवले. मुलांच्या टीव्ही मालिकेतला बिस्किटवेडा कुकी मॉन्स्टर आजारी पडला आहे आणि त्याच मालिकेतला एल्मो बिस्किटे खातो आहे. ‘आत्ता कोण खातो आहे’ या अर्थाच्या प्रश्नाला मुलांनी एल्मो दाखवला. ‘हू बी ईटिंग’ असे विचारल्यावर ही बोली बोलणाऱ्या मुलांनी कुकी मॉन्स्टरकडे बोट केले, कारण बिस्किटे खात असतो तो. जुन्या इंग्रजीतल्या बिथशी या ‘बी’चे सरळ नाते नाही, ते स्वतंत्रपणे घडले. पण गरज तीच आहे. ‘आहे’ आणि ‘असतो’ यांतला फरक माणसांना हवा असतो, आणि भाषेने तो गमावला तर बोलणारे तो पुन्हा घडवतात. 1979 साली अमेरिकेतल्या अ‍ॅन आर्बर इथे अशाच मुलांच्या शिक्षणावरून चाललेल्या खटल्यात लबॉव यांची साक्ष झाली. मुलांच्या घरच्या भाषेची दखल घेऊन त्यांना वाचन शिकवणे ही शाळा-प्रशासनाची जबाबदारी आहे, असा निकाल न्यायालयाने दिला.

इतके खिळखिळे, जोडून घेतलेले क्रियापद हजारो वर्षे नियमित का झाले नाही, याचेही उत्तर मिळाले आहे. 2007 साली ‘नेचर’मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी जुन्या इंग्रजीतली 177 अनियमित क्रियापदे तपासली. आज त्यांतली 98 अनियमित उरली आहेत. जितका वापर जास्त, तितकी टिकाऊपणाची शक्यता जास्त. ‘बी’ आणि ‘हॅव’ यांना त्यांच्या गणिताने 38,800 वर्षांचे अर्धायुष्य दिले. रोज तोंडात घोळणाऱ्या रूपांना बदलायला सवडच मिळत नाही. मराठीतही जाणे आणि गेला, आहे आणि होता या जोड्या अशाच टिकल्या आहेत. जाणे हे संस्कृत ‘या’ धातूचे, गेला गम् धातूच्या गतचा. होता सरळ भू धातूचा.

मराठीच्या हातात काय आहे

मराठीचे ‘आहे’ही कमी कामाचे नाही. ओळख, गुण, ठिकाण, अस्तित्व, इतकेच नव्हे तर मालकीसुद्धा त्यावर चालते. ‘मला दोन भाऊ आहेत’ या वाक्यासाठी इंग्रजीला हॅव लागते, आपल्याला लागत नाही. पण नकार देताना मराठी एक भेद करते, जो इंग्रजीला जमत नाही. ‘यात चूक नाही’ आणि ‘ही चूक नव्हे, गुन्हा आहे’ ही वाक्ये घ्या. पहिल्यात अस्तित्व नाकारले, दुसऱ्यात ओळख नाकारली. पहिल्या वाक्यात नव्हे घालून पाहा, वाक्य मोडते. रसेल ज्या गोंधळाने व्यथित झाले, त्याचा एक भाग आपल्या नकारात आधीच सुटलेला आहे. कोकणीतही ‘ना’ आणि ‘न्हय’ ही जोडी आहे आणि ती रोजच्या बोलण्यात पक्की आहे. मराठीत मात्र नव्हे मागे पडत चालले आहे. शहरी बोलण्यात आणि बातम्यांत दोन्हीकडे नाहीच ऐकू येते.

होकारातही हे धातू आहेत. होय हे भू धातूचे रूप. इंग्रजी ‘येस’ बहुधा ‘तसे असो’ अशा अर्थाच्या जुन्या जोडशब्दातून आले आणि त्यातला ‘स’ अस्चा, संस्कृतच्या स्यात्चा नातलग.

महाराष्ट्रात 2000 सालापासून पहिलीतच इंग्रजी शिकवली जाते. ‘आय अ‍ॅम, ही इज, दे आर’ हा तक्ता मुले घोकून पाठ करतात आणि प्रत्येक रूपासमोर ‘आहे’ लिहितात. तिथेच नुकसान होते. ‘असतो’ म्हणायचे तिथेही ते मूल आधी इज शोधते आणि मग चालू क्रियेचे रूप नको तिथे जोडते. ‘आय अ‍ॅम नोइंग’, ‘आय अ‍ॅम हॅविंग टू ब्रदर्स’ अशी वाक्ये भारतीय इंग्रजीची ओळखच झाली आहेत. त्या मुलाला इतकेच सांगावे, की मराठीत तू आहे, असतो आणि होतो असा भेद करतोस, नाही आणि नव्हे असाही करतोस. इंग्रजीत हे सगळे एकाच क्रियापदात येते, म्हणून तिथे बाकीच्या शब्दांकडे नीट पाहावे लागते. मग त्याची इंग्रजी सुधारेल. आणि ‘नव्हे’ हा शब्द त्याला मराठीच्या तासालाही वापरायला लावावा. एक भेद इंग्रजीने हरवला, दुसऱ्याची गरज तर्कशास्त्राला भासली, ते दोन्ही भेद आपल्या भाषेत आयते आहेत. ते आळसाने टाकून देण्याचे काहीच कारण नाही.